तात्यांचं एक वाक्य

इंग्रजीत सिनेमाचं परीक्षण लिहायला मी शिकले ते हौसेनं नव्हे. हौसेला अंगात त्राण लागतं, आणि माझं सगळं त्राण राजारामपुरीतल्या शाळेत नववीच्या मुलींना इंग्रजी शिकवण्यात संपायचं. सकाळी स्वयंपाक, मग शाळा, मग तपासायच्या वह्या, मग पुन्हा स्वयंपाक. आई जाऊन काही वर्षं झाली होती. घरात मी आणि वडील, दोघंच. तिशी उलटून गेलेली बिनलग्नाची मास्तरीण म्हणून गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायच्या. मला त्यांच्याकडे बघायलाही सवड नव्हती.

त्यात सरांचा निरोप आला. सर म्हणजे मला कॉलेजात इंग्रजी शिकवलेले प्राध्यापक. निवृत्त होऊन शाळेच्या जवळच राहत होते. मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात ते मराठी सिनेमांवर लिहायचे. सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट; कोल्हापुरात तेव्हा सिनेमे निघत होते, आणि इथं तयार झालेला सिनेमा कसा आहे हे इथल्याच माणसानं कळवावं असं त्या साप्ताहिकाला वाटायचं. पण सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पडद्यावर नायक कुठला आणि खांब कुठला ते कळेना.

"आता तू लिही," सर म्हणाले. "इंग्रजी तुझं बरं आहे. बाकीचं मी शिकवतो."

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्यांनी शिकवलेल्या इंग्रजीवर माझी चूल पेटत होती त्यांना नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मनाशी म्हणत मी मान हलवली.

पहिलंच परीक्षण मी लिहून नेलं ते सहा-सात पानांचं. त्यात माझी चूक म्हणाल तर चूक, आमच्या गल्लीची रीत म्हणाल तर रीत. आमच्याकडे सिनेमा बघून आलेल्या बाईनं तो बाकीच्यांना सांगायचा असायचा. नळावर नंबर लागेपर्यंत मध्यंतर व्हायचं, घागर भरेपर्यंत नायिकेला सासर सोडायला लागायचं, आणि शेवट ऐकल्याबिगर कुणी घागर उचलायची नाही. गाणी म्हणून दाखवायची. रडायच्या जागी रडायचं. मी तसंच लिहिलं होतं, फक्त इंग्रजीत. शिवाय लग्नाच्या पंगतीत वाढप्या झालेला इसम म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला, हेही लिहिलं होतं.

सरांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "तू सिनेमा सांगितलास. मी तुला सिनेमाबद्दल सांग म्हणालो होतो. आणि हा सायकलवाला मुंबईच्या माणसानं काय करायचाय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण सरांचं खरं होतं, म्हणून सायकलवाल्यावर काट मारली.

मग शिकवणी सुरू झाली. गोष्ट दोन वाक्यांत संपवायची, आणि शेवट तर सांगायचाच नाही. 'मी' म्हणायचं नाही. 'फार' आणि 'अतिशय' हे शब्द विसरायचे. पडद्यावर जे दिसलं आणि ऐकू आलं त्याबद्दलच लिहायचं. पडद्यामागं कोण रडलं, कोण उपाशी राहिलं, त्याच्याशी वाचकाला देणंघेणं नसतं. आपल्या ओळखीच्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही. सर एकेक नियम सांगायचे आणि मी पेंगत पेंगत ऐकायचे. त्यांच्याकडे ठरलेली काही वाक्यंही होती. त्यातलं एक मला फार उपयोगी पडलं: 'उत्तरार्धात चित्रपट सैलावतो.' बाजेची दोरी जुनी झाली की ती मधे जशी खोल जाते, तसा सिनेमा मध्यंतरानंतर जातो, असा त्यातल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ. मी ते प्रत्येक परीक्षणात घातलं. खरं सांगायचं तर मध्यंतरानंतर मीच सैलावलेली असायची, सिनेमाचं देव जाणे.

शेवटचा धडा सरांनी नाही, साप्ताहिकानंच शिकवला. संपादकाला जागा कमी पडली की तो परीक्षण खालून कापायचा. वाचायचं नाही, विचारायचं नाही, कात्री लावायची. माझे संगीताबद्दलचे परिच्छेद असेच गेले. सर म्हणाले, "म्हणून जे वाचावं असं वाटतं ते पहिल्या ओळीत लिही. डोक्याला कात्री लागत नाही, शेपटीला लागते."

आता तात्यांचं सांगते. तात्या म्हणजे माझे वडील. कागलच्या रस्त्यावर जकात नाक्यावर शिपाई होते. मिशा कानापर्यंत, आणि आवाज असा की गाडीवान थांबायच्या आधी बैल थांबायचे. सगळी उमर दारावर उभं राहण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा उभं राहायलाच गेले, स्टुडिओत. कोल्हापुरात त्यात नवल नव्हतं. अर्धं गाव कधी ना कधी सिनेमाच्या गर्दीत उभं राहिलेलं. कुणी मावळा, कुणी वऱ्हाडी, कुणी नुसताच बाजारात फिरणारा. त्यामुळं आमच्या थेटरात लोक नायकाकडे बघायचेच नाहीत. मागं बघायचे. "त्यो बघ आमचा मामा" असं कुणीतरी ओरडायचं, की तिकडं नायिका विहिरीत उडी मारत असली तरी सगळे मामाला बघायचे.

तात्या माझ्याबरोबर प्रत्येक सिनेमाला यायचे, कारण बाईमाणसानं एकटीनं थेटरात बसणं बरं दिसत नव्हतं. मी टिपणं काढायची आणि ते कानाशी कुजबुजायचे, "त्यो भालेवाला बघ. दिसभर उनात हुबा केलाता त्येला. पाय बघ कसं थरथरत्यात." सर म्हणणार पुढचं बघ, तात्या म्हणणार मागचं बघ. माझी मान दोघांच्या मधे अवघडून जायची.

आणि मग एका सिनेमात तात्यांना वाक्य मिळालं.

गोष्ट अशी होती की शहरातून बऱ्याच वर्षांनी परतलेला नायक इनामदाराच्या दारावर येतो, आणि दारावरचा म्हातारा दरवान त्याला सांगतो, "आत कोण न्हाय, पावणं." बस, एवढंच. पण इतक्या वर्षांत गर्दीतून बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर एकट्याला उभं केलं ते पहिल्यांदा. दिग्दर्शक त्यांना म्हणाला होता, "काका, तुम्ही नाक्यावर बोलायचा तसंच बोला. मला हाच आवाज पाहिजे." हे तात्यांनी मला किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही.

वाक्य हातात पडल्यापासून घरात दुसरं बोलणं राहिलं नाही. दूधवाल्यानं कडी वाजवली की आतून, "आत कोण न्हाय, पावणं." शेजारच्या मावशी विरजण मागायला आल्या की, "आत कोण न्हाय, पावणं." मावशी म्हणायच्या, "मग बोलतंय कोण, भूत?" आणि विरजण घेऊन जायच्या. मी वह्या तपासत असायची, माझं डोकं उठायचं. पण आई गेल्यापासून त्या घरात तात्यांचा आवाज इतका मोठा झाला नव्हता, म्हणून चालू दिलं.

चित्रण झालं तेव्हा लोकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. स्टुडिओचा मॅनेजर, जो गर्दीसाठी माणसं गोळा करत गल्लीगल्लीतून सायकलवर फिरायचा, तो म्हणाला, "तात्या, आता तुम्हाला गर्दीत न्हाय घालत." तात्यांनी हे ब्रह्मवाक्य समजून छातीशी धरलं.

"पोरी," ते मला म्हणाले, "तुज्या विंग्रजी पेपरात येऊ दे. म्हातारा बोलतो बरा, एवढंच लिव्ह. म्हमईच्या लोकास्नी कळलं तर आनी कोन बोलवंल. मराच्या आदी चार वाक्यं तर बोलू दे मला."

मी सरांचा नियम सांगितला. ओळखीच्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही. तात्या म्हणाले, "झुकतं नगं. बराबर माप दे."

सिनेमा लागला त्या दिवशी तीनच्या खेळाला आमची गल्ली रिकामी झाली. तात्यांनी पांढराशुभ्र फेटा बांधला होता. शेजारच्या मावशींनी त्यांच्या हातात लिंबू दिलं, दृष्ट लागू नये म्हणून. मी टिपणाचा कागद मांडीवर घेऊन बसले.

पडद्यावर दार दिसलं, दारात तात्या दिसले, आणि थेटरात असा गोंधळ झाला की विचारू नका. शिट्ट्या, फेटे, टोप्या, कुणी उठून नाचलं. तात्यांचे ओठ हलले. पडद्यावरचा नायक मान खाली घालून परत गेला. वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. तात्या हात जोडून चहूकडे नमस्कार करत होते, आणि मला त्या क्षणी, दमलेली असूनही, फार बरं वाटलं.

बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, "तात्या काय म्हणाले ते ऐकाय आलंच न्हाय की." झालं. गल्लीनं तिथंच ठरवलं, सहाचा खेळ बघायचा, आणि आता कुणी तोंड उघडायचं नाही. अशी माणसं कोल्हापूरबाहेर कुठं असतील असं मला वाटत नाही. एका वाक्यासाठी सगळेच्या सगळे पुन्हा आत गेले. माझ्या डोक्यात घरच्या शिळ्या भाकरीचा हिशोब चालला होता, पण गेले.

दार दिसलं तसं आमच्या माणसांनी अख्खं थेटर गप्प केलं. "गप बसा की, ऐकू द्या." पंख्यांची घरघर तेवढी राहिली. पडद्यावर तात्यांचं तोंड आलं, मिशा हलल्या, आणि आवाज आला.

तो तात्यांचा नव्हता. पातळ, धुतलेला, रेडिओवर बातम्या सांगतात तसा. "आत कुणीही नाही, पाहुणे."

कुणी शिट्टी मारली नाही. मी तात्यांकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे ओठ हलत होते.

असं करतात हे मला माहीत होतं. सरांनीच सांगितलं होतं. चित्रणाच्या वेळी बोललेलं ठेवत नाहीत, नंतर मुंबईत पुन्हा बोलून घेतात. मोठ्या नटांना बोलावतात. एका वाक्यासाठी कोल्हापूरहून म्हाताऱ्याला कोण बोलावणार? तिथं जो कुणी उभा असेल तो बोलून टाकतो. हे मला माहीत होतं आणि तात्यांनाही ते लागू होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. राग आला तो असा की हातातला कागद चुरगळला.

सगळे घरी चालत निघालो. वाटेत शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आवाज जरा बसल्यागत वाटला तुमचा."

"व्हय," तात्या म्हणाले. "थंडीचं शूटिंग हुतं."

मावशींनी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांनी ते झाकलं.

घरात आल्यावर त्यांनी फेटा सोडला आणि खुंटीला अडकवला. मी भाकरी वाढली. ते जेवले नाहीत.

"माजं त्वांड घेतलं," ते म्हणाले, "आनी दुसऱ्याचा आवाज घातला. मग मला हुबा कशाला केला? मातीचं भावलं हुबं करायचं हुतं." ताट सरकवून म्हणाले, "लिव्ह पेपरात. त्यो आवाज माजा न्हवं म्हणून लिव्ह."

मी लिहिलं. रागानं लिहिलं आणि इंग्रजी चांगलं उतरलं. कोल्हापूरच्या माणसांची तोंडं घेता आणि त्यांची जीभ फेकून देता, असं काहीतरी होतं. सरांकडे नेलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"ही तक्रार आहे," ते म्हणाले. "तक्रार खरी आहे. पण तिला कात्री लागेल. आणि नाही लागली, तर मुंबईत एवढंच कळेल की कोण्या एका म्हाताऱ्याचा आवाज चालण्यासारखा नव्हता. तुला हे छापून आणायचंय?"

"मग काय करू?" मी विचारलं. मला रडू येत होतं. शाळा सुटून सरळ तिथं गेले होते, हाताला खडू तसाच होता.

"सिनेमा कसा आहे ते लिही. तेवढंच आपल्या हातात आहे."

सिनेमा कसा होता? रिकामा होता. सुंदर दारं, सुंदर शेतं, सुंदर लुगडी, आणि आत एकही माणूस नव्हता. तिथंच, सरांच्या ओसरीवर, मी नवा कागद घेतला आणि पहिली ओळ लिहिली. मराठीत सांगायचं तर ती अशी होती: 'आत कुणी नाही, असं दारावरचा म्हातारा सुरुवातीलाच सांगतो, आणि पुढचा सगळा चित्रपट त्याचं म्हणणं खरं करून दाखवतो.' मग गोष्ट दोन वाक्यांत. मग बाकीचं. उत्तरार्धात चित्रपट सैलावतो हे या वेळी लिहिलं नाही, कारण पूर्वार्धही सैलच होता.

सर हसले. त्यांना मी फारसं हसताना बघितलं नव्हतं. "आलं तुला," म्हणाले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला नुसती झोप येत होती.

छापून आलं तेव्हा खालचा अर्धा भाग कापला होता. पहिली ओळ शाबूत होती. मी तात्यांना वाचून दाखवली, अर्थ सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

"म्हंजी मी खरं बोललो."

"हो. अख्ख्या सिनेमात तुम्हीच."

"आवाजाचं?"

"ते नाही लिहिलं, तात्या."

त्यांनी त्या छापील ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हितं माजं वाक्य हाय न्हवं? विंग्रजीत कसं म्हणत्यात त्ये?"

"देअर इज नोबडी इनसाइड."

त्यांनी म्हणून बघितलं. अडखळले, पुन्हा म्हटलं. त्यांच्या घोगऱ्या, नाक्यावरच्या आवाजात ते इंग्रजी असं काही निघालं की माझ्या नववीच्या मुली ऐकून बाकाखाली गेल्या असत्या. मी मात्र एक शब्दही सुधारला नाही. हे वाक्य कुणी पुन्हा मुंबईत बोलून घेणार नव्हतं.

त्यानंतर दूधवाला आला, मावशी आल्या, पण तात्या नुसते उठून दार उघडायचे. ते जुनं वाक्य घरात पुन्हा ऐकू आलं नाही. स्टुडिओकडेही ते फिरकले नाहीत.

पावसाळा संपता संपता मी एकदा शाळेतून येत होते, तर आमच्या दारात सायकल लावलेली. स्टुडिओचा मॅनेजर कडी वाजवत होता. "तात्या, दरबाराचा सीन हाय," तो दाराला तोंड लावून सांगत होता. "मिशीवाली म्हातारी माणसं पायजेत. नुसतं मागं हुबं ऱ्हायचं, कायबी बोलाय लागत न्हाय."

दार वीतभर उघडलं. फटीतून मिशा दिसल्या.

"देर इज नोबडी इनसाईड," तात्या म्हणाले, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. आणि दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मॅनेजर माझ्याकडे वळला. मला तो ओळखत होता, इंग्रजीच्या बाई म्हणून. "काय म्हणालं म्हातारं, बाई?"

मी शाळेत, सरांपुढं, दुकानात सगळीकडे पुस्तकातलं मराठी बोलते. तसं बोलायला शिकण्यात वर्षं घातली आहेत. पिशवी खाली ठेवली, आणि तात्यांच्या तोंडचं होतं तसंच त्याला सांगितलं.

"आत कोण न्हाय, पावणं."

त्यानं एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सायकल काढली. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी पायरीवर बसून राहिले. मग कडी वाजवली, आणि तात्यांनी दार उघडलं.